हिच्या जाकिटावरचे पतंग

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही लेकीने पाठवली. आत चिठ्ठी होती: 'बाबा, फोनवर तुम्ही हं आणि हो एवढंच बोलता. निदान वहीशी तरी बोला.' मी सुतार माणूस. पेन्सिल आम्हाला कानावर ठेवायला लागते. वही महिनाभर तशीच पडून होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते लेकीला सांगितलं तर ती मिळेल त्या गाडीने येईल आणि मला उचलून नेईल.

सकाळी ऊन चांगलं पडलं म्हणून हिचं लोकरी जाकीट कपाटातून काढून मागच्या दोरीवर टाकलं. हिला जाऊन अकरा एप्रिलला वर्ष होईल. इतक्या दिवसांत ते कपाट मी दोनदा उघडलं असेल. सुताराच्या घरात लोखंडी कपाट, म्हणून लोक हसायचे. ते हिने माहेरून आणलेलं. जाकीट करडं, कोपरांवर विरलेलं. संशोधन केंद्रात पांढऱ्या कोटाखाली ही तेच घालायची. संध्याकाळी आत आणायला गेलो तर त्याच्यावर पतंग बसलेले. आधी वाटलं धूळ. मग धूळ चालायला लागली.

मोजले. एकवीस. सगळे छातीपाशी, डाव्या बाजूला. पंख थरथरवत एकमेकांच्या अंगावर चढत होते. शेजारीच माझे दोन सदरे वाळत होते, त्यांच्यावर एकही नाही.

हे पतंग मी ओळखतो. कोबीवरचे. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे केंद्राचं कोबीचं रान आहे. तीन वर्षं हिने ज्यांची वाट पाहिली आणि जे आले नाहीत, तेच हे.

मी झटकले नाहीत. जाकीट तसंच सोडलं आणि अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.

५ फेब्रुवारी

जाकीट झोपायच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुंटीला टांगलं. दिवस मावळताना काचेवर कुणीतरी बारीक रेती फेकतंय असा आवाज यायला लागला. खिडकी उघडली.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. जेवता का, झोपता का, गुडघा कसा आहे. सगळ्याला हो म्हटलं. मग म्हणाली, "बाबा, आज आवाज बरा वाटतोय." मला लाज वाटली. आवाज बरा होता, कारण गेल्या पाच संध्याकाळी मी घरात एकटा नव्हतो.

मला वेड लागलंय का? नीट लिहून काढतो, म्हणजे वाचल्यावर कळेल.

हिचं काम असं होतं. या पतंगाची हिरवी अळी कोबीच्या पानांची चाळण करते. म्हणून दर आठवड्याला फवारा मारायचा, आणि मारणाऱ्या बायकांनी घरी जाऊन ओकाऱ्या काढायच्या. एक फवारणीवाली हिच्या डोळ्यांदेखत बांधावर कोसळली. वाचली ती, पण त्या दिवसापासून हिने ध्यास घेतला. पतंगाची मादी संध्याकाळी एक वास सोडते. आपल्या नाकाला तो कळत नाही, नराला लांबून कळतो. ही तोच वास काचेच्या नळीत जुळवायची. तीन द्रव्यं नेमक्या प्रमाणात रबरी बुचात मुरवायची आणि ते बूच सापळ्यात टांगायचं. हेच आमिष. नर भुलून आत येतो, तळाच्या चिकट कागदावर अडकतो. तिकडे मादी वाट बघत बसते. अंडी नाहीत, अळी नाही, विष नाही.

सापळे मी केले. चाळीस. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असे सापळे दुसऱ्या कुणी केले नसते. छपराच्या आकाराचे, दोन्ही तोंडं उघडी, सांध्यात नख शिरणार नाही. पावसात कुजू नयेत म्हणून माझ्या तेलाचे तीन हात.

तीन वर्षांत त्या चाळीस सापळ्यांत मिळून नऊ पतंग आले. नऊ. ही प्रमाणं बदलत राहिली. एक नंबरचं बूच, दोन नंबरचं, असं करत अठ्ठावीस नंबरपर्यंत गेली. केंद्रातले लोक पाठीमागे हिला 'वासवाल्या बाई' म्हणायला लागले. गेल्या जानेवारीत, आजार उघडकीला आल्यावर, मी पण म्हणालो, "सोड आता ते. नाही जमत तर नाही जमत." हिने मान वर केली नाही. कांदा चिरत होती, चिरत राहिली.

आणि आता तेच पतंग हिच्या जाकिटाला बिलगतात. हिला काहीतरी सांगायचंय. नाहीतर मला ऐकवायचंय.

वाचलं. कळलं काहीच नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केंद्रातल्या छोट्या बाई आल्या होत्या. ही मोठ्या बाई, म्हणून त्या छोट्या. तिशीच्या असतील, हिच्या शेवटच्या वर्षी हाताखाली आल्या. माणूस चांगला, पण पायावर पाय ठेवून निवांत बसणं माहीत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, काहीतरी विचारायचं असतं, ते न विचारता जातात.

आज मात्र विचारलं. हिच्या वह्या पाहिजेत, निदान शेवटची. मी नाही म्हटलं. मीच अजून उघडलेल्या नाहीत, तर दुसऱ्याला कशा देऊ.

मग खरं काय ते सांगितलं. साहेबांनी हिच्या फाइलवर शेरा मारलाय, 'प्रयोग अयशस्वी'. छोट्या बाईंनी हातापाया पडून एक शेवटची चाचणी मागून घेतली, ती मार्चमध्ये. तीही फसली तर सगळं रान पुन्हा फवारणीला. नवे सापळे मागवायचा अर्ज त्यांनी केला होता, तो साहेबांनी परत पाठवला. चाळीस सापळे धडधाकट असताना नवे कशाला, कारण लिहून द्या, म्हणाले.

"मग द्या की कारण," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तसं खास काही कारण नाही.

दुकानात आल्या. (दुकान म्हणजे मागची माझी कामाची खोली.) नमुन्याचा एक सापळा फळीवर होता. तो उचलून त्यांनी नाकाशी धरला, बराच वेळ. विचारलं, याला काय लावता. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की माणूस फुलतो. सांगितलं सगळं. जवसाचं तेल, टर्पेंटाइन, आणि वडिलांनी मला एकट्याला सांगितलेली गोष्ट, देवदाराचं तेल. चाळीस वर्षांत माझ्या हातच्या एका खुर्चीला कीड लागलेली नाही. किडा जवळ फिरकत नाही.

"आणि वाळल्यावर वास येत नाही," मी म्हटलं.

"काका, तुम्हाला येत नसेल," त्या म्हणाल्या, आणि सापळा हळूच, जसा होता तसा, फळीवर ठेवून दिला.

हिनेही विचारलं होतं एकदा. गेल्या मार्चच्या शेवटी, केंद्रात जाणं बंद झाल्यावर. मी चहा घेऊन गेलो तर खिडकीत बसली होती. म्हणाली, "अहो, तुमच्या त्या तेलात काय काय असतं?" तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी खुर्ची ओढून बसलो, सगळं सांगितलं. म्हणाली, छान वास आहे. आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिली. त्या आजारपणातला तो एक दिवस मला सोन्यासारखा वाटतो.

१६ फेब्रुवारी

आज चौतीस. सकाळी जाकिटाच्या खांद्यावर तीन मरून पडले होते. केरात टाकवेनात. काडेपेटीत भरून ठेवले.

संध्याकाळची इतर कामं मी आता दुपारीच उरकतो. दिवस कलला की खोलीत जाऊन बसायचं. दिवा लावत नाही. ते येतात, भिंतीवर नाहीत, पलंगावर नाहीत, माझ्यावर नाहीत, नेमके तिथेच. मी बोलतो. आज सांगितलं की नळाचा वॉशर बदलला. सांगितलं की लेक बोलावतेय पण मी जाणार नाही. मग विचारलं, "रागावलीस का?" आणि त्याच वेळी सगळे एकदम पंख फडफडवायला लागले.



२३ फेब्रुवारी, रविवार

पक्कं ठरलं. ही सांगत होती ते मला उशिरा कळलं. हिचं काम अर्धं राहिलंय आणि माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करायला हवं. मी वास जुळवू शकत नाही. सापळे नीट करू शकतो. तीन पावसाळे खाल्लेत त्यांनी. चाळीसही सापळे घरी आणायचे, घासायचे, आणि तेलाचे दोन हात नव्याने द्यायचे. देवदाराचं तेल जरा सढळ हाताने. शेवटच्या चाचणीला हिचं सामान कळकट दिसता कामा नये.

केंद्राच्या गोदामवाल्याला फोन केला. तो ट्रॉलीने सगळे आणून देतो म्हणाला.

३ मार्च, सोमवार

आठ दिवस पाठ मोडून काम केलं. बरं वाटलं. हिच्या जाण्यानंतर हत्यारांना असा हात लागला नव्हता. पॉलिश कागदाने घासायचं, पुसायचं, हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा हात. चाळीस छपरं आवारात ओळीने वाळत ठेवली तर एखादं गाव वसल्यासारखं दिसत होतं.

छोट्या बाई आल्या आणि फाटकातच थबकल्या. मला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा पडला. जवळ आल्या, एका सापळ्याला बोट लावलं, बोट हुंगलं. म्हणाल्या, "काका, हे का केलंत?"

मी म्हटलं, हिच्यासाठी.

त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या की या वेळी त्यांना साधे पुठ्ठ्याचे सापळे लावून बघायचेत, दहाएक, गंमत म्हणून. किंवा मी लाकडाचेच करून दिले तरी चालतील, पण कच्चे, काही न लावलेले. मला राग आला. कच्चं लाकूड माझ्या हातून आजवर कुणाकडे गेलेलं नाही. आणि मोठ्या बाईंच्या शेवटच्या चाचणीला पुठ्ठा? म्हणालो, "पुठ्ठा लावायचा असेल तर लावा, पण मग मोठ्या बाईंचं नाव लावू नका त्याला."

बोललो आणि वाईट वाटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. निघताना म्हणाल्या, "ठीक आहे काका. हेच लावू."

इतकी लहानसहान गोष्ट मनाला लावून घेणारी माणसं शास्त्रज्ञ कशी होतात कोण जाणे.

८ मार्च

आज बावन्न.

१५ मार्च, शनिवार

सापळे आठ तारखेला लागले. आठवडा झाला. छोट्या बाई फोन उचलत नाहीत. शेवटी गोदामवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, शून्य हो. चाळीसपैकी एकात एक माशी अडकलीय, ती पण चुकून आली असेल."

संध्याकाळी जाकिटासमोर बसलो पण बोलायला तोंड नव्हतं. ते आले, नेहमीसारखे. भिंतीपलीकडे हिचा वास घेऊन चाळीस सापळे उभे, तिकडे एक जात नाही, आणि इथे रिकाम्या जाकिटावर झुंबड. हे काय आहे? मला भीती वाटली. पहिल्यांदा. वाटलं, हे हिचं सांगणं नाही, हा दंड आहे. हिला मी म्हटलं होतं ना, नाही जमत तर नाही जमत.

२१ मार्च, शुक्रवार

नीट लिहायला हवं.

काल संध्याकाळी मी रानात गेलो. शेवटचा दिवस होता, आज सापळे उतरवायचे होते. गार वारा सुटला होता आणि मला काय वाटलं कोण जाणे, हिचं जाकीट खुंटीवरून काढून खांद्यावर घेतलं. मला ते होत नाही, नुसतं पांघरलं.

कोबीच्या ओळींतून चालत गेलो. एक फवारणीवाली पाठीवरची टाकी उतरवून बांधावर बसली होती. तिच्या हातांची सालं निघाली होती. सोमवारपासून फवारणी सुरू होणार, म्हणून टाक्या तपासायला बोलावलं होतं तिला. म्हणाली, "आम्हाला कोण विचारतंय. टाकी पाठीवर टाकायची आणि चालायचं." पुढे छोट्या बाई एका सापळ्याजवळ वही घेऊन उभ्या होत्या. लिहायला काही नव्हतं.

सूर्य खाली गेला आणि पानांमधून पतंग उठले. मी ते कधी पाहिलं नव्हतं. रान वाफाळल्यासारखं दिसतं. शेकड्यांनी. आणि ते माझ्याकडे आले. आधी दोन-चार, मग धो धो. छातीवर, गळ्यावर, तोंडावर. श्वास घ्यायला तोंड उघडता येईना. फवारणीवाली उठून दूर सरकली. मी हललो नाही. मला वाटलं, हीच ती वेळ, आता ही बोलेल.

छोट्या बाई धावत आल्या. घाबरलेल्या नव्हत्या. पतंगांमधून हात घालून त्यांनी जाकीट चाचपलं, डावीकडे, आतल्या बाजूला एक चोरखिसा आहे तिथे. त्यातून चांदीच्या कागदाची एक पुडी निघाली. एक कोपरा फाटलेला. आत सहा रबरी बुचं. पुडीवर हिच्या अक्षरात एकाचा आकडा.

"एक नंबर," छोट्या बाई म्हणाल्या. "काका, हे त्यांनी पहिल्याच वर्षी जुळवलेलं. सगळ्यात पहिलं."

मला आधी एवढंच कळलं की ही आली नव्हती. दीड महिना मी बुचांशी बोलत होतो. खाली बसलो. पतंग मला सोडून त्यांच्या हाताकडे गेले होते.

मग मला दुसरं सुचलं. सुचलं म्हणजे काय, समोरच दिसत होतं. मी म्हटलं, तेच बूच सापळ्यात टांगा. त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, काका, घरी चला, थंडी आहे. मी त्यांच्या हातातून बूच घेतलं आणि जवळच्या सापळ्यात, माझ्या सापळ्यात, आतल्या तारेच्या आकड्याला अडकवलं.

पतंग आले. सापळ्याच्या तोंडाशी वीतभर अंतरावर आले आणि वळले. पुन्हा आले, पुन्हा वळले. काचेला आपटून वळावं तसे. मी बूच बाहेर काढून हातावर ठेवलं, हात भरून गेला. आत टांगलं, वळले. असं चार वेळा केलं. छोट्या बाई बाजूला तोंड फिरवून उभ्या होत्या.

मी सापळा नाकाशी धरला. मला कसलाही वास आला नाही. घरात, कपड्यांत, अंथरुणात, तीस वर्षं तोच वास आहे, सापळ्याइतका उग्र नसेल, पण आहे. मला येणार कसा? आणि हिला तरी कसा येणार? ती माझ्याच घरात राहत होती.

किडा जवळ फिरकत नाही.

२७ मार्च, गुरुवार

पुडी छोट्या बाईंकडे दिली. काच आता शांत असते. सहा दिवस खोलीत दिवा लावून बसतो.

आज हिची शेवटची वही काढली. शेवटचं पान असं आहे:

'२९ मार्च. घरी. बुटांच्या खोक्यात १ नंबर. मागच्या दोरीला. संध्याकाळी ३४. दहा पावलांवर आपला लाकडी सापळा, त्यातही १ नंबर. ०.'

'३० मार्च. तसंच. ४१ आणि ०.'

पुढची पानं कोरी आहेत. त्यानंतर बारा दिवसांनी ती गेली. तेव्हा हिला कळलं होतं. तेलाबद्दल विचारलं, तो हाच दिवस. मी खुर्ची ओढून बसलो होतो आणि देवदाराचं कौतुक सांगत होतो.

लेकीला फोन केला. मी आपणहून फोन केला म्हणून ती आधी घाबरली. सगळं सांगितलं, पतंगांसकट. मग म्हणाली, "बाबा, साहेबांना सांगितलंत का?"

मी म्हटलं, उद्या.

"आजच का नाही?" हिचाच आवाज. हिचीच घाई.

२८ मार्च, शुक्रवार

साहेबांच्या खोलीत आठ वर्षांपूर्वी मी केलेलं टेबल आहे. त्याच्यासमोर उभा राहून सांगितलं की वास पहिल्या वर्षापासून बरोबर होता आणि सापळे चुकीचे होते. सापळे माझे. पतंगाला पळवून लावणारं तेल मी त्यांना फासलं, आणि शेवटच्या चाचणीच्या आधी आणखी दोन हात दिले. हिच्या फाइलवरचा शेरा काढा आणि काढता येत नसेल तर त्याच्याखाली माझं नाव लिहा.

साहेब वाईट नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "हे लेखी द्याल?" दिलं. छोट्या बाईंनी मजकूर सांगितला, मी लिहिला, खाली सही. अर्जात त्यांनी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता, तो मी घेतला नाही. अनवधान कसलं? इतक्या अवधानाने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

सोमवारी सुरू झालेली फवारणी चार आठवडे थांबवली. तेवढ्यात आकडे दाखवायचे.

६ एप्रिल, रविवार

पुठ्ठा कापतोय. साठ वर्षांच्या हाताला पुठ्ठा म्हणजे पोरखेळ, असं वाटलं होतं. पहिले पाच वाकडे झाले. लाकूड ऐकत नाही तेव्हा तरी विरोध करतं, पुठ्ठा नुसता मान टाकतो. कडांना मेण लावलं, साधं, मेणबत्तीचं. आधी छोट्या बाईंना हुंगायला दिलं.

नवं काही दुकानात करत नाही, तिथे तो वास आहे. केंद्राच्या व्हरांड्यात बसून करतो. अंघोळ करून, गोदामवाल्याचा सदरा घालून जातो. तो म्हणतो, काका, माझ्या सदऱ्यात तुम्ही हिरो दिसता.

जुने चाळीस जाळायचे होते. छोट्या बाई म्हणाल्या, धूर रानात जाईल. मग नुसते ढीग करून ठेवलेत.

११ एप्रिल

वर्ष झालं. काही लिहीत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

पावसाच्या एका सरीने नऊ सापळे गळून पडले. उरलेले एकतीस. पंधरा दिवसांत एकतीस सापळ्यांत एकोणीसशे चार पतंग. छोट्या बाईंनी दोनदा मोजले, साहेबांनी एक तळ स्वतः मोजला, चिमट्याने. अळी अर्ध्यावर आलीय. या हंगामात अर्ध्या रानात फवारणी नाही, पुढच्या वर्षी दोन गावांत चाचणी. फाइलवरचा शेरा खोडून साहेबांनी नवा लिहिला. हिचं नाव वर आहे. खाली छोट्या बाईंचं.

फवारणीवाली आता सापळ्यांचे चिकट कागद बदलते. मला म्हणाली, कंटाळवाणं काम आहे. मी म्हटलं, असू दे.

२८ एप्रिल, सोमवार

छोट्या बाई आज निवांत बसल्या. दोन कप चहा घेतला. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "गेल्या एप्रिलपासून."

हिने त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. सगळं सांगितलं आणि बजावलं, की सापळे बदल, काहीही निमित्त काढ, पण यांना कळता कामा नये. साहेब कारण मागत राहिले आणि या पोरीला ते देता येईना. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या दारात येऊन बसायची.

"त्या म्हणाल्या," छोट्या बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी गेल्यावर त्यांच्याकडे ते दुकान आणि हत्यारं एवढंच उरणार आहे. तेवढं त्यांच्याकडे राहू दे."

"आणि तू वर्षभर ते पोटात ठेवलंस," मी म्हटलं. त्यांना मी कधी अगंतुगं करत नाही. तोंडातून गेलं.

"शब्द दिला होता, काका."

त्या गेल्यावर कप विसळायला गेलो आणि काय झालं कळलं नाही, मी मोठमोठ्याने बोलायला लागलो. दीड महिना हिच्याशी मी देवळात बोलावं तसं बोलत होतो, हळू, जपून. आज भांडलो. म्हटलं, तीन वर्षं लोक तुला हसले, मी हसलो, तुला कारण सापडलं आणि तू मला म्हणालीस छान वास आहे? मी काय काचेचा होतो? तीस वर्षांत मला तू एवढंच ओळखलंस? म्हटलं, त्याच दिवशी सांगितलं असतंस तर रात्रीच्या आत पुठ्ठा कापला असता. सकाळी सापळे रानात गेले असते. तुझ्या खाटेशी बसून रोजचा आकडा सांगितला असता. बारा दिवस होते आपल्याकडे. बारा दिवस तू तुझा आकडा ऐकला असतास आणि मग गेली असतीस. त्याऐवजी माझी हत्यारं सांभाळत बसलीस.

शेजारणीने खिडकी लावून घेतली. कप फुटला, तो हिच्या आवडीचा नव्हता, तरी.

आमच्या भांडणात शेवटी हिचंच बरोबर निघायचं, म्हणून मी आधी गप्प बसायचो. सवय. आजही गप्प बसलो. ओट्याला टेकून उभा राहिलो, ही काय म्हणते ते ऐकायला.

आज हिचं चुकलं होतं.